विकणारा विनोदी, विणणारा अदृश्य
फॅशनच्या दुकानातील आणि कचेरीतील विनोदी चित्रपटांत समाज कसा दिसतो? एक आढावा

सावनेर, प्रतिनिधी :
कामाच्या जागेवर घडणारा विनोदी चित्रपट हा प्रेक्षकांचा जुना आवडता प्रकार आहे. साहेबाचा धाक, सहकाऱ्यांमधील चढाओढ, महिनाअखेरची ओढाताण हे सारे प्रत्येकाच्या परिचयाचे असते. या जागेला फॅशनची जोड मिळाली की पडद्यावर रंगीबेरंगी वस्त्रे, चकचकीत दालने आणि रूपवान माणसे येतात व विनोद अधिकच खुलतो. मात्र वस्त्राचा व्यवसाय हा मोठ्या उतरंडीचा व्यवसाय आहे. सूत कातणारा, ताणा करणारा, विणणारा, रंगारी, शिंपी, दुकानदार, नोकर आणि अखेरीस ग्राहक अशी ही साखळी. तिच्यातील कोणत्या कड्या पडद्यावर येतात आणि कोणत्या पडद्याआड राहतात, हा केवळ समीक्षकांच्या चर्चेचा विषय नव्हे. ज्यांचे काम दिसत नाही, त्यांचे प्रश्नही सहसा दिसत नाहीत.

सावनेर तालुक्यात हा विचार अधिक जवळचा वाटावा, असे दोन धागे आहेत. कन्हान नदीकाठचे खापा हे याच तालुक्यातील गाव ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरमध्ये हातमागाच्या कापडासाठी नोंदले गेले आहे. दुसरा धागा रंगभूमीचा. मराठीतील थोर विनोदकार आणि नाटककार राम गणेश गडकरी यांचे निधन सावनेर येथेच २३ जानेवारी १९१९ रोजी झाले. त्यांचे वय तेव्हा अवघे ३३ वर्षांचे होते. वस्त्र, विनोद आणि श्रम यांचा पडद्यावरील संबंध तपासताना या दोन्ही धाग्यांचा उपयोग होतो.

निळ्या स्वेटरची गोष्ट

या प्रकारातील जगभर गाजलेले उदाहरण म्हणजे ‘द डेव्हिल वेअर्स प्राडा’. डेव्हिड फ्रँकेल दिग्दर्शित हा चित्रपट २००६ साली प्रदर्शित झाला. लॉरेन वाईसबर्गर यांच्या २००३ मधील कादंबरीवर तो आधारित आहे. ‘व्होग’ या विख्यात फॅशन मासिकाच्या तत्कालीन संपादिका अ‍ॅना विंटूर यांच्या सहायक म्हणून लेखिकेने काम केले होते, त्यामुळे कादंबरीची चर्चा प्रकाशनाबरोबरच सुरू झाली. सुमारे साडेतीन कोटी डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात ३२ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. मिरांडा प्रिस्टली या करारी संपादिकेच्या भूमिकेसाठी मेरिल स्ट्रीप यांना गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला, तर ऑस्करसाठी त्यांना नामांकन होते.

पत्रकार होण्याचे स्वप्न घेऊन न्यूयॉर्कमध्ये आलेली अँडी (अ‍ॅन हॅथवे) ही ‘रनवे’ या मासिकात मिरांडाची सहायक होते. कपड्यांविषयी तिला आस्था नाही. दोन सारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांतून एक निवडण्यावरून चाललेली गंभीर चर्चा ऐकून तिला हसू येते, तेव्हा मिरांडा तिला तिच्याच अंगावरील निळ्या स्वेटरची कुळकथा ऐकवते. तो रंग आधी बड्या डिझायनरांच्या संग्रहात आला, तेथून मोठ्या दुकानांत झिरपला आणि शेवटी सवलतीच्या ढिगाऱ्यातून अँडीच्या हाती लागला. फॅशनशी आपला संबंध नाही असे मानणारी अँडीही या दालनात बसलेल्या माणसांनीच निवडलेला रंग घालून उभी आहे, असा तिच्या म्हणण्याचा मथितार्थ.

हा प्रसंग सत्तेचे उत्तम चित्रण म्हणून वाखाणला जातो, ते योग्यच आहे. परंतु त्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या रंगामागे कोट्यवधी डॉलर आणि असंख्य रोजगार आहेत, असा उल्लेख मिरांडा करते. ते रोजगार करणारे कोण, कोठे बसतात, त्यांना मजुरी किती मिळते, याकडे कॅमेरा वळत नाही. स्वेटर डिझायनराकडून दुकानात येतो. कारखान्यातून आलेला दिसत नाही.

चित्रपटाने अन्य काही प्रश्न मात्र धीटपणे मांडले. पुरुष अधिकाऱ्यात ज्या कठोरपणाचे कौतुक होते, तोच स्त्रीत असला की तिला दुष्ट ठरवले जाते, हे अँडी स्पष्ट बोलून दाखवते. सडपातळ देहाच्या अट्टहासावरही विनोदाच्या आवरणाखाली टोले आहेत. कचेरीतील स्त्री आणि तिची प्रतिमा या चित्रपटाने समर्थपणे रंगवली. कचेरीबाहेरची स्त्री, जी शिलाईयंत्रावर बसते, ती त्यात नाही.

ती कोठे होती, हे जगाला २४ एप्रिल २०१३ रोजी कळले. बांगलादेशातील ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून ११०० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य महिला होत्या. पाश्चात्त्य बाजारपेठांतील नामांकित कंपन्यांसाठी तेथे कपडे शिवले जात होते. इमारतीला आदल्या दिवशी तडे गेल्याचे दिसूनही कामगारांना पुन्हा कामावर बोलावण्यात आले होते. ‘माझे कपडे कोणी शिवले?’ हा प्रश्न त्यानंतरच ग्राहक चळवळीच्या तोंडी आला.

‘बनवाबनवी’तील मालकीणबाई

मराठीत फॅशन मासिकाच्या कचेरीवरचा विनोदपट शोधणे व्यर्थ आहे. त्याच्या सर्वांत जवळ जाणारे दुकान सापडते ते ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मध्ये. सचिन पिळगावकर दिग्दर्शित आणि वसंत सबनीस लिखित या चित्रपटाची आठवण साडी नेसलेल्या दोन पुरुषांमुळे काढली जाते. भाड्याची खोली मिळावी म्हणून सुधीर (सचिन) आणि परशुराम (लक्ष्मीकांत बेर्डे) हे सुधा आणि पार्वती होतात. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटावरून ही कथा सुचली.

या गडबडीत धनंजय माने (अशोक सराफ) यांच्या नोकरीकडे दुर्लक्ष होते. माने हे सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात नोकरीला आहेत आणि दुकानाची मालकीण माधुरी (अश्विनी भावे) ही तरुण, टापटिपीची, व्यवसाय स्वतः सांभाळणारी स्त्री आहे. तिच्या लिंबू रंगाच्या साडीचे कौतुक करण्याचा प्रसंग मराठी घराघरांत पाठ आहे. हा प्रसंग नोकर आणि मालकीण यांच्यातील आहे, याची मात्र फारशी दखल घेतली जात नाही. मिरांडाच्या अठरा वर्षे आधी मराठी पडद्यावर एक स्त्री मालक म्हणून वावरते, पुरुष तिच्या हाताखाली काम करतो आणि तिच्या अधिकाराची चेष्टा होत नाही, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

सामाजिक प्रतिनिधित्वाच्या दृष्टीने या चित्रपटाची दुसरी बाजूही पाहावी लागते. साडी ही येथे सोंगाची वस्तू आहे. ‘पार्वती’चा विनोद बाईच्या चालण्याबोलण्याच्या नकलेवर उभा आहे. शहरात अविवाहित तरुणांना घर मिळत नाही, हा खरा सामाजिक प्रश्न चित्रपटाच्या मुळाशी असला, तरी तो सुटतो तो प्रेमविवाहांच्या जुळणीने. माधुरीचा व्यवसायही अखेर तिच्या लग्नाच्या गोष्टीत विरून जातो.

बालगंधर्वांचे ठिगळाचे लुगडे

पुरुषाने साडी नेसण्याची परंपरा मराठी रंगभूमीला नवी नव्हती, आणि तिचे सर्वोच्च शिखर सोंगाचे नव्हते. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८-१९६७) यांच्या स्त्रीभूमिकांतील साड्या, दागिने आणि केशभूषा पाहून त्या काळच्या प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया तशी वेशभूषा करीत. महाराष्ट्रातील फॅशन ठरवणारे एकेकाळचे केंद्र हे असे नाटकगृहात होते.

याच बालगंधर्वांनी गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ मध्ये सिंधूची भूमिका केली. फेब्रुवारी १९१९ मध्ये, सावनेरला गडकऱ्यांचे निधन झाल्यानंतर काही आठवड्यांतच, हे नाटक रंगमंचावर आले. दारूपायी संसार उद्ध्वस्त झालेली सिंधू लोकांचे दळण दळून मूल जगवते. भरजरी वस्त्रांसाठी प्रसिद्ध असलेले बालगंधर्व या भूमिकेत फाटके, ठिगळ लावलेले लुगडे नेसून प्रेक्षकांसमोर आले. वस्त्र आणि श्रम यांचा संबंध एका वेशभूषेतून एवढ्या थेटपणे सांगितल्याचे उदाहरण मराठीत विरळा.

परंतु याच नाटकात एक विभागणीही दिसते. हास्य येते ते तळीराम आणि त्याच्या मद्यपी मंडळींच्या प्रसंगांतून. कष्टणाऱ्या सिंधूच्या वाट्याला केवळ शोक येतो. ही विभागणी पुढे चित्रपटातही टिकून राहिली. कापड विकणारा, मिरवणारा विनोदाचा धनी झाला. कापड निर्माण करणारा पडद्यावर आलाच, तर शोकांतिकेचा नायक म्हणून आला. मुंबईतील गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या उद्ध्वस्त घरांची कथा जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात आणि त्यावर आधारित महेश मांजरेकर यांच्या ‘लालबाग परळ’ (२०१०) या चित्रपटात आली. दोन्ही कृती मोलाच्या आहेत. मात्र कामगाराला कामावर असताना हसताना, कुरघोडी करताना, मुकादमाची नक्कल करताना पाहण्याची सवय प्रेक्षकाला झाली नाही. त्याचे दुःख दिसले. त्याचे कौशल्य आणि त्याचा मिस्कीलपणा दिसला नाही.

सुई-दोऱ्याचे दोन चित्रपट

ही चौकट मोडण्याचा प्रयत्न अलीकडच्या काळात दोन चित्रपटांनी केला. शरत कटारिया दिग्दर्शित ‘सुई धागा’ हा हिंदी चित्रपट २८ सप्टेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. शिलाईयंत्रांच्या दुकानात काम करणारा मौजी (वरुण धवन) मालकाच्या घरच्या समारंभात अपमानित होतो. पत्नी ममता (अनुष्का शर्मा) ते पाहते आणि नोकरी सोडण्याचा आग्रह धरते. रुग्णालयात असलेल्या आईसाठी शिवलेला सैल अंगरखा इतर रुग्णांनाही आवडतो आणि व्यवसायाला सुरुवात होते. भरतकाम ममताचे, शिलाई मौजीची. पुढे फॅशनच्या स्पर्धेत शेजारपाजारची सामान्य माणसे स्वतः तयार केलेली वस्त्रे घालून मंचावर चालतात. मिरांडाच्या दालनात ज्यांना प्रवेश नव्हता, ते येथे मध्यभागी उभे राहतात आणि त्यांच्यामुळे विनोदही घडतो.

या चित्रपटाचे उपशीर्षक ‘मेड इन इंडिया’ असे आहे. २०१४ साली सुरू झालेल्या ‘मेक इन इंडिया’ या सरकारी मोहिमेची आठवण त्यातून होणे स्वाभाविक आहे. राजकीय दृष्ट्या पाहता चित्रपटाचा मार्ग वैयक्तिक जिद्दीचा आहे. बड्या कंपनीकडून होणारी पिळवणूक दिसते, पण तिच्यावरील तोड स्पर्धा जिंकणे ही असते. सहकारी संस्था, संघटना, मजुरीचा दर हे शब्द कथेत फारसे शिरत नाहीत.

दुसरा चित्रपट मराठी. शंतनू रोडे दिग्दर्शित ‘गोष्ट एका पैठणीची’ याला ६८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला आणि २ डिसेंबर २०२२ रोजी तो प्रदर्शित झाला. नायिका इंद्रायणी (सायली संजीव) घरी साड्यांना फॉल-बिडिंग करून संसाराला हातभार लावते. दिवसभर इतरांच्या उंची साड्या तिच्या हाताखालून जातात. स्वतःची पैठणी हे तिचे स्वप्न आहे. ग्राहकाची पैठणी नेसण्याचा मोह होतो, तिचे नुकसान होते आणि ते भरून देण्यासाठी तिची व पतीची (सुव्रत जोशी) धडपड सुरू होते.

येथे कामाची जागा म्हणजे राहते घर. फॉल-बिडिंगचे काम करणाऱ्या हजारो स्त्रिया गावोगावी आहेत. त्यांना ठरलेला पगार नसतो, हजेरीपट नसतो, आणि घरातील इतर माणसे त्या कामाला बहुधा ‘फावल्या वेळातले’ म्हणतात. हे काम नायिकेचे काम म्हणून पडद्यावर आणणे आणि तिच्या स्वप्नाकडे चेष्टेने न पाहता हळुवार विनोदाने पाहणे, हे या चित्रपटाचे यश आहे. त्याची मर्यादाही उतरंडीतच आहे. कथा साडी नेसणारी आणि साडीला फॉल लावणारी यांच्यातील आहे. एक पैठणी विणण्यास मागावर आठवडे, नक्षी दाट असल्यास महिने लागतात. तो वेळ देणारा विणकर या गोष्टीचा नायक नाही.

कागदावरचे प्रतिनिधित्व

पडद्यावरील अनुपस्थितीचा विचार विदर्भात राजकीय प्रतिनिधित्वापासून वेगळा करता येत नाही. नागपुरात जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी हे बिरूद धारण केले त्याच दिवशी सुरू झाली. या गिरणीने शहराला औद्योगिक ओळख दिली. दुसरीकडे कोष्टी, साळी आणि मोमीन समाजातील हातमाग विणकरांना गिरणीच्या, पुढे यंत्रमागाच्या कापडाशी स्पर्धा करावी लागली. हातमागाच्या रक्षणासाठी केंद्राने १९८५ साली कायदा करून ठरावीक वस्तूंचे उत्पादन हातमागासाठी राखून ठेवले. त्या कायद्यालाही यंत्रमागधारकांनी न्यायालयात आव्हान दिले होते.

याच विणकर समाजाच्या सरकार दरबारी ओळखीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हलबा ही अनुसूचित जमात आहे. विणकामात असलेल्या हलबा-कोष्टी समाजाला तिच्यात गणावे काय, हा तो वाद. घटनापीठाने २८ नोव्हेंबर २००० रोजी दिलेल्या निकालात अनुसूचित जमातींच्या यादीतील नोंद जशी आहे तशीच वाचली पाहिजे, राज्य सरकारला किंवा न्यायालयाला तिच्यात भर घालता येणार नाही, असे स्पष्ट केले. तोपर्यंत अंतिम झालेले प्रवेश आणि नियुक्त्या यांना मात्र निकालाची झळ लागू नये, अशी तरतूद केली. शिक्षण, नोकरी आणि निवडणुकीतील राखीव जागा या साऱ्यांवर या प्रश्नाचा परिणाम होत असल्याने नागपूरच्या राजकारणात तो वारंवार पुढे आला. ज्या समाजाचे लुगडे पिढ्यान्‌पिढ्या विदर्भ नेसला, तो स्वतः कोणत्या रकान्यात बसतो यासाठी न्यायालयात झगडत होता. या कथेत नाट्य आहे आणि सरकारी कागदपत्रांचा अटळ विनोदही आहे. चित्रपटाने तिला अद्याप हात घातलेला नाही.

चित्रणावरून महाराष्ट्रात वाद होत नाहीत असे नव्हे. ‘राजसंन्यास’ या गडकऱ्यांच्या अपूर्ण नाटकातील संभाजी महाराजांच्या चित्रणावर आक्षेप घेऊन जानेवारी २०१७ मध्ये पुण्यातील संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा काढून नदीत टाकण्यात आला. राजाचे चित्रण कसे झाले यावर समाज असा पेटून उठतो. विणकराचे चित्रण झालेच नाही, यावर आक्षेप घेणारा कोणी पुढे येत नाही.

आकडे काय सांगतात?

२०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार देशात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार आहेत आणि त्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक महिला आहेत. विणकर म्हटले की मागावर बसलेला पुरुष डोळ्यांसमोर येतो; वास्तव वेगळे आहे. कांड्या भरणे, ताणा लावणे, सुताला खळ देणे ही कामे तर परंपरेने घरातील बायका-मुलेच करीत आली. विदर्भाच्या करवतकाठी साडीचा करवतीच्या दातांसारखा काठ, त्यासाठी चालवावे लागणारे तीन धोटे, पूर्व विदर्भातील जंगलांतून येणारा टसर रेशीम कोष आणि या साडीला मिळालेले भौगोलिक मानांकन हे सारे एखाद्या पटकथेला पुरेल एवढे साहित्य आहे.

फॅशनच्या कचेरीतील विनोद वाईट आहे किंवा त्याने उपदेश करावा, असा या आढाव्याचा अर्थ नाही. ‘बनवाबनवी’ पाहून हसणारा प्रेक्षक काहीही गैर करीत नाही. प्रश्न हास्याच्या वाटपाचा आहे. ज्याच्यावर विनोद लिहिला जातो, त्याला आवाज, हुशारी आणि उलट उत्तर देण्याची संधी मिळते. माने यांना ती मिळाली, मिरांडाला मिळाली, काही अंशी मौजी-ममता आणि इंद्रायणीलाही मिळाली. खाप्याच्या हातमागापर्यंत ती पोहोचलेली नाही. अश्रूंचा मान त्याला मिळून गेला आहे. मागाच्या खटखटीत चालणारी थट्टामस्करी, व्यापाऱ्याशी होणारी घासाघीस आणि काठ चुकल्यावर उडणारी तारांबळ यांवरचा चित्रपट अजून व्हायचा आहे.

दृष्टिक्षेपात

• एकच प्याला (नाटक, १९१९) : राम गणेश गडकरी. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व. हास्य तळीरामाचे, कष्ट सिंधूचे.
• अशी ही बनवाबनवी (१९८८) : दिग्दर्शन सचिन पिळगावकर. दुकानाची मालकीण स्त्री, नोकर पुरुष, साडी सोंगासाठी.
• द डेव्हिल वेअर्स प्राडा (२००६) : दिग्दर्शन डेव्हिड फ्रँकेल. संपादिका आणि सहायक, कारखाना पडद्याबाहेर.
• लालबाग परळ (२०१०) : दिग्दर्शन महेश मांजरेकर. गिरणी संपाची शोकांतिका.
• सुई धागा (२०१८) : दिग्दर्शन शरत कटारिया. शिलाई व भरतकाम करणारे दाम्पत्य मध्यभागी.
• गोष्ट एका पैठणीची (२०२२) : दिग्दर्शन शंतनू रोडे. घरी फॉल-बिडिंग करणारी नायिका, राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त.